चुंबकावरची मोटार, सपाट पृथ्वी आणि 'आइनस्टाईन चुकला' : गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी 27 वर्षं विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी पारावर बसलो की कोणी ना कोणी मोबाईल पुढे करतो. "सर, हे पाहा बरं, खरं आहे का?" कधी विजेविना चालणारा पंप असतो, कधी पृथ्वी ताटासारखी सपाट असल्याचा व्हिडिओ, कधी न्यूटनपासून आइनस्टाईनपर्यंत सगळ्यांना खोटं पाडणारा कोणी गृहस्थ. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. पंपाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यात माणसांचे पैसे जातात. म्हणून तो आधी घेतो.

"चुंबकावर चालणारी मोटार मिळून राह्यली. लाईन नको, डिझेल नको. घ्यावी का?"

घेऊ नका.

हा प्रश्न विचारणाऱ्याला भोळा म्हणायला मात्र मी तयार नाही. रात्री बारा वाजता थ्री फेज येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे अंधारात वावर गाठायचं, वाटेत रानडुक्कर, पायाखाली विंचूकाटा. अशा माणसाला कोणी "लाईनच नको" म्हटलं तर तो थांबून ऐकणारच. मीही ऐकलं असतं.

आता हिशोब करू. विहिरीचं पाणी 20 मीटर खोल धरा. 10,000 लिटर पाणी वर आणायचं म्हणजे 10,000 किलो वजन 20 मीटर उचलायचं. त्याला 19 लाख 60 हजार ज्यूल ऊर्जा लागते. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे हे काम झालं अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. पंप आणि मोटार मिळून निम्मी ऊर्जा घर्षणात आणि उष्णतेत घालवतात असं धरलं, तरी एक-सव्वा युनिट. हे युनिट कुठून तरी यायलाच पाहिजे. डीपीतून येईल, डिझेलमधून येईल, पॅनलवर पडलेल्या उन्हातून येईल, नाहीतर बैलाच्या खांद्यातून. मोट हाकणाऱ्या आमच्या आजोबांना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कोणी शिकवला नव्हता. पण बैलांना कडबा आणि ढेप घातल्याशिवाय मोट चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. चुंबकाची मोटार विकणारा माणूस तुम्हाला वैरण न खाणारा बैल विकतो आहे.

चुंबकात ताकद असते हे खरं. पण येणाऱ्या चुंबकाला ते जेवढ्या जोराने ओढतं, तेवढ्याच जोराने जाणाऱ्याला मागे खेचतं. चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की जमा आणि खर्च सारखे होतात. वर घर्षणाचा खर्च राहतोच.

"पण व्हिडिओत चाक फिरताना दिसते ना! त्याले काय म्हणसान?"

चाक फिरतं. ते किती वेळ फिरतं आणि काय काम करतं, हे व्हिडिओत नसतं.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक मोटार रिवाइंडिंग करणारा माणूस माझ्याकडे आला. मालवाहू ऑटोत त्याने आपलं यंत्र आणलं होतं. सायकलची रिम, तिला चिकटवलेले जुन्या स्पीकरचे 24 चुंबक, कुट्टी मशीनचं जड चाक, ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, एक बॅटरी. दोन वर्षं आणि बरेच पैसे त्यात गेले होते. हा माणूस फसवणारा नव्हता. त्याचा स्वतःच्या यंत्रावर मनापासून विश्वास होता, आणि हाताला कसब इतकं की चुंबकांमधलं अंतर मोजायला त्याने बांबूची पट्टी घासून गेज केला होता.

बॅटरीवर चाक सुरू केलं, अल्टरनेटर फिरला, बल्ब पेटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, आता बॅटरीची वायर काढू आणि घड्याळ लावू. बल्ब न जोडता चाक 4 मिनिटं 10 सेकंद फिरलं. बल्ब जोडला तेव्हा 50 सेकंदांत थांबलं. जड चाकात भरलेली ऊर्जा बल्बने लवकर संपवली, एवढाच त्याचा अर्थ. तो म्हणाला, "सर, बेरिंग जुनी आहे. घर्षण कमी केलं तर?" प्रश्न रास्त होता. पुढच्या आठवड्यात तो नवीन बेरिंग घालून आला. आता 6 मिनिटं 30 सेकंद. त्याने ते वहीत लिहिलं, थोडा वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "वेळ वाढते, पण थांबतेच."

मग बॅटरी जोडूनही पाहिलं. अल्टरनेटर बॅटरीला परत चार्ज करतो, म्हणून बॅटरी उतरणार नाही, असा त्याचा दावा होता. संध्याकाळी सहाला 12.7 व्होल्ट. आम्ही मळ्यातल्यासारखे जागलीला बसलो. साडेनऊला बल्ब पिवळा पडला, मीटर 11.9 दाखवत होता. त्याने स्वतः स्विच बंद केला. आज तो सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करतो, आणि तालुक्यात त्याच्याइतका चांगला कारागीर मी पाहिलेला नाही.

व्हिडिओ करणारे सगळे असे प्रामाणिक नसतात. टेबलाच्या पायातून वायर घेतलेली असते, स्टँडमध्ये बटण सेल असतात. अमेरिकेत जॉन कीली नावाच्या माणसाने फिलाडेल्फियात कित्येक वर्षं अशीच मोटार दाखवून लोकांचा पैसा घेतला. 1898 मध्ये तो वारला आणि घराच्या तळघरात दाबलेल्या हवेची मोठी टाकी सापडली.

"कंपनीवाल्याजवळ पेटंटचा कागद आहे."

कागद नीट वाचा. बहुतेक वेळा ती पेटंटसाठी अर्ज केल्याची पावती असते. अर्ज कोणीही करू शकतो. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 3(अ) म्हणतं की प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरोधात दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर 1775 मध्येच ठरवलं होतं की निरंतर चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत.

विक्रेत्याला एकच सांगा. यंत्र माझ्या विहिरीवर, माझ्या पंपाला जोडून, माझ्या डोळ्यांसमोर 24 तास चालव, पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी देतो. कापूस विकताना आपण व्यापाऱ्याच्या तोंडच्या वजनावर भरवसा ठेवत नाही, काटा पाहतो. इथेही काटा पाहायचा. आतापर्यंत एकही विक्रेता सकाळपर्यंत थांबलेला मला माहीत नाही.

"पाण्यावर चालणारी गाडी तरी खरी आहे का?"

पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसंच हे. पाण्यातून हायड्रोजन वेगळा करता येतो, पण तो जळून जेवढी ऊर्जा देतो त्याहून कमी खर्चात तो कधीच वेगळा होत नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात स्टॅनली मेयर यांनी पाण्याचं इंधनयंत्र दाखवून पैसे उभे केले होते. 1996 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्या देशात तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल केल्याचा दावा केला. पेपरांत मोठमोठे मथळे आले, अभिमानाने लेख लिहिले गेले. तपासाचं चक्र सावकाश फिरलं आणि 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना 3 वर्षांची शिक्षा सुनावली. मधली 20 वर्षं ज्यांचे पैसे अडकले, त्यांचं काय झालं असेल, हा विचार मला शांत बसू देत नाही.

"विजेविना चालणारा पंप असूच शकत नाही का?"

असतो की. हायड्रॉलिक रॅम म्हणतात त्याला. फ्रान्सच्या माँगोल्फिए यांनी 1796 मध्ये तो स्वतःहून चालणारा केला. वाहत्या ओढ्याचं पाणी पाइपातून खाली येतं, झडप ठाप्‌दिशी बंद होते, त्या धक्क्याने थोडं पाणी वरच्या पाइपात चढतं. पुन्हा झडप उघडते, पुन्हा बंद. रात्रंदिवस ठक ठक चालू. मेळघाटासारख्या उताराच्या, बारमाही ओढ्याच्या जागी तो उपयोगी पडू शकतो. पण याचाही हिशोब आहे. 10 लिटर पाणी 2 मीटर खाली पडलं तर फार तर 1 लिटर पाणी 20 मीटरच्या आत वर जाईल, बाकीचं वाहून जाईल. आमच्या सपाट काळ्या वावरात तो चालणार नाही. फुकट वाटणाऱ्या खऱ्या यंत्रात खर्च कुठे होतो ते बोट ठेवून दाखवता येतं.

"भास्कराचार्यांनी आपोआप फिरणारं चाक लिहून ठेवलं आहे. मग आपले पूर्वज चुकले का?"

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अर्धवट पारा भरलेल्या आऱ्यांच्या चाकाचं वर्णन केलं, हे खरं आहे. ते चाक चालत नाही, हेही खरं आहे. पारा एका बाजूला लांब सरकतो, पण दुसऱ्या बाजूच्या आऱ्यांतला पारा त्याला तोलून धरतो. ज्यांच्या गणिताचा अभिमान बाळगावा असा माणूस एका यंत्राबाबत चुकला, म्हणून त्यांचं गणित लहान होत नाही. चुकीचं चाक त्यांच्या नावावर विकणं हा मात्र त्यांचा अपमान आहे.

प्राचीन विमानांचाही प्रश्न याच ओघात येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी 1974 मध्ये 'वैमानिक शास्त्र' हा विमानविद्येवरचा प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ तपासला. भाषेवरून तो विसाव्या शतकातला निघाला, आणि त्यातलं एकही विमान उडण्यासारखं नव्हतं.

"पृथ्वी सपाट नाही हे तुम्ही स्वतः पाह्यलं का?"

हा प्रश्न मला आवडतो. पुस्तकात लिहिलंय म्हणून मान, असं सांगणारा शिक्षक मला व्हायचं नव्हतं.

आधी आपल्या मुलखातली एक गोष्ट. हिंगणघाटला एका इंग्रजाची कबर आहे. विल्यम लॅम्ब्टन. 1802 मध्ये त्यांनी मद्रासहून त्रिकोणाला त्रिकोण जोडत जमीन मोजायला सुरुवात केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, मंदिरांच्या गोपुरांवर, टेकड्यांवर चढवत, कोन घेत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला, काम अर्धवट असतानाच वारले. पृथ्वीची गोलाई नेमकी किती, हे शोधणं हा त्या मोजणीचा एक हेतू होता. तिच्या प्रत्येक त्रिकोणात पृथ्वीच्या वक्रतेची दुरुस्ती आहे. ती काढून टाकली तर नकाशे जुळत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी दर दोन वर्षांनी त्या कबरीजवळ नेत असे.

आता स्वतः मोजायचं. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि एके दिवशी मध्यान्हाला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. चंद्रपूरला हे 20 मेच्या सुमारास होतं, नागपूरला 26 मेच्या सुमारास. दोन्ही शहरं जवळजवळ एका दक्षिणोत्तर रेषेवर आहेत, सरळ अंतर सुमारे 132 किलोमीटर. चंद्रपुरात सावली शून्य असते, त्याच मध्यान्हाला नागपुरात 1 मीटरच्या काठीची सावली 2 सेंटिमीटरच्या जरा वर पडते. तो कोन होतो सुमारे 1.19 अंश. 132 भागिले 1.19 गुणिले 360. उत्तर 40,000 किलोमीटरच्या अगदी जवळ. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण आमच्या बाजूचे बरेच लोक ती सांगत नाहीत. दोन काठ्यांवरून वाद मिटत नाही. सपाट पृथ्वीवाला म्हणेल, पृथ्वी सपाटच आहे, सूर्य फक्त 6,000 किलोमीटर उंचीवर आहे, म्हणून सावल्या वेगळ्या. दोन काठ्यांचे आकडे त्याच्याही चित्रात बसतात! एका हुशार पोराने वर्गात हेच विचारलं होतं आणि मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं. सूर्य 6,000 किलोमीटरवर असता तर संध्याकाळी तो आपल्यापासून पुष्कळ लांब गेला असता, म्हणजे दुपारपेक्षा लहान दिसला असता, आणि क्षितिजाखाली तर कधीच गेला नसता. वेल्डिंगच्या 14 नंबरच्या काचेतून दुपारचा आणि संध्याकाळचा सूर्य बघा. आकार तोच असतो, आणि मावळताना तो अर्धा कापला जातो, पूर्ण बिंब लहान होत होत विरत नाही. (साध्या गॉगलमधून किंवा एक्सरेच्या फिल्ममधून सूर्य बघू नका, डोळा जातो.)

"आइनस्टाईनचा सापेक्षतावाद खोटा आहे म्हणते. आपल्याले काय फरक पडते?"

तुमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, कुठे आहे, एवढा फरक पडतो.

मोजणीवाले आता साखळी घेऊन येत नाहीत. खांबावर रोव्हर लावून येतात. तो उपग्रहांचे सिग्नल ऐकतो. उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांत अणुघड्याळं असतात. आइनस्टाईनच्या सिद्धांतानुसार वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथलं घड्याळ दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे पळतं. वेगामुळे ते 7 मायक्रोसेकंद मागे पडतं. निव्वळ 38 मायक्रोसेकंद पुढे. आकडा चिमूटभर वाटतो, पण प्रकाश तेवढ्या वेळात 11 किलोमीटर जातो. म्हणून घड्याळ जमिनीवरच तेवढं हळू लावून वर पाठवतात.

हे मानायला सुरुवातीला काही इंजिनिअरही तयार नव्हते. म्हणून 1977 मध्ये एनटीएस-2 नावाच्या उपग्रहावर दुरुस्ती चालू-बंद करण्याची सोय ठेवली. सुमारे 20 दिवस घड्याळ दुरुस्तीविना चालवलं. ते सिद्धांताने सांगितलं होतं जवळजवळ तेवढंच पुढे गेलं. मग दुरुस्ती चालू केली. शंका घेणाऱ्यांना गप्प केलं नाही, त्यांच्यासाठी स्विच ठेवला, ही त्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाब.

आइनस्टाईनविरुद्ध 1931 मध्ये जर्मनीत 'आइनस्टाईनविरुद्ध शंभर लेखक' नावाचं एक पुस्तक निघालं होतं. त्या लेखकांपैकी कोणीही घड्याळाचा वेगळा आणि अधिक बरोबर आकडा दिला नाही. आजही व्हिडिओ करणारे देत नाहीत.

"मग शास्त्रज्ञ कधी चुकतच नाहीत का?"

चुकतात. आपल्या पायाखालीच त्याचा पुरावा आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये सांगितलं की खंड सरकतात, एकेकाळी ते जोडलेले होते. बहुतेक भूवैज्ञानिकांनी त्यांना उडवून लावलं. 1930 मध्ये ते ग्रीनलंडच्या बर्फात वारले, तोवर त्यांचं म्हणणं मान्य झालं नव्हतं. आणि पुरावा कुठे होता? इतर ठिकाणांबरोबर आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशात. तो कोळसा ज्या काळातला, त्या थरांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेसारखी पानं सापडतात. तीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकात सापडतात. बी समुद्र ओलांडून जाईल एवढं हलकं नव्हतं. त्या जोडलेल्या भूखंडाला नावही आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं, गोंडवन. 1960 च्या दशकात समुद्रतळाची मोजमापं हाती आली आणि वेगेनर यांचं मुख्य म्हणणं बरोबर ठरलं.

व्हिडिओवाले नेहमी म्हणतात, "वेगेनरलाही हसले होते." हसले होते, पण वेगेनर यांनी खडक, जीवाश्म, हिमनद्यांच्या खुणा यांचा ढीग पुढे ठेवला होता. खंड कशाने सरकतात याचं त्यांचं उत्तर कमकुवत होतं, तेवढ्या भागावरचे आक्षेप योग्यच होते.

लोणारचंही तसंच. बुलडाणा जिल्ह्यातलं ते पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर ज्वालामुखीचं आहे असं कित्येक वर्षं मानलं जाई. 1970 च्या दशकात तळाला बोअर घेऊन काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली आणि ते आघाताचं विवर ठरलं. वय किती, यावर अजून मतभेद आहेत. एका पद्धतीने 52,000 वर्षं, दुसऱ्या पद्धतीने 5 लाख 70 हजार. एवढा मोठा फरक! हा खरा, जिवंत वाद आहे, आणि तो नमुने हातात घेऊन चालू आहे.

2011 मध्ये युरोपातल्या ओपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने जाताना दिसले, 730 किलोमीटरच्या प्रवासात 60 नॅनोसेकंद आधी पोचले. त्यांनी ते लपवलं नाही, जगाला सांगितलं, आमची चूक शोधा. काही महिन्यांनी सापडली. एक फायबर ऑप्टिक केबल ढिली होती.

"नारळीकर सर पण महास्फोट मानत नव्हते. मग त्यांनाही तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांत बसवणार?"

कधीच नाही. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली या मताला आयुष्यभर पर्याय शोधला. 1965 मध्ये विश्वातलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. ते महास्फोटाची उरलेली खूण मानलं जातं, म्हणून त्यांच्या बाजूला अडचणीचं होतं. त्यांनी ते नाकारलं नाही. 1993 मध्ये सहकाऱ्यांबरोबर सिद्धांत बदलून पुन्हा मांडला, कारण जुना पुराव्याला पुरेसा पडत नव्हता. बहुसंख्य वैज्ञानिकांना तोही पटला नाही. पण ते गणित सगळ्यांसमोर होतं, आकडे सगळ्यांसमोर होते.

त्यांनीच फलज्योतिषाचीही चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या पत्रिका मिसळून 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

"खेड्यातल्या माणसाचं कोन ऐकते?"

या प्रश्नामागचं दुखणं मला कळतं. शहरातल्या मोठ्या संस्थेत पत्र लिहिलं आणि उत्तरच आलं नाही, असं माझ्याही बाबतीत झालं आहे.

तरी हे लक्षात घ्या. 1910 च्या सुमारास नागपुरात हिशोबखात्यात नोकरी करणारा एक तरुण होता, चंद्रशेखर वेंकट रामन. भौतिकशास्त्र तो नोकरी सांभाळून करायचा. 1930 मध्ये त्याला नोबेल मिळालं. 1924 मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाईनना आपला लेख पाठवला. आइनस्टाईननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापायला दिला. दोघांच्या कागदावर तपासता येईल असं गणित होतं.

उलटही घडतं. 2019 मध्ये जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका वक्त्याने न्यूटन आणि आइनस्टाईन दोघेही चुकले असं व्यासपीठावरून सांगितलं. व्यासपीठ मोठं होतं, म्हणून दावा खरा ठरला नाही. वैज्ञानिकांनी उघड निषेध केला.

"पाणाड्याच्या हातात नारळ उभा राहते, मी डोळ्याने पाह्यलं."

मीही पाहिलं आहे, आणि तो मुद्दाम उभा करत असेल असं मला वाटत नाही. हाताच्या स्नायूंना आपल्याला न कळणाऱ्या हालचाली होतात. जर्मनीत 1987-88 मध्ये पाचशेच्या आसपास पाणाड्यांतून निवडलेल्या 43 जणांची कोठारात चाचणी घेतली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावर त्यांनी जागा सांगायची. 843 वेळा. काही मोजक्या जणांना ते जमलं असा दावा झाला, पण पुढे आकडे पुन्हा तपासले तेव्हा ते नशिबाने जमण्यापलीकडे काही नव्हतं.

बोअरला पाणी लागतंही, कारण आपल्या काळ्या खडकात भेगा असतात. पण अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाणी गोडं लागेल की खारं, हे नारळ सांगत नाही. बोअरआधी भूजल सर्वेक्षणाच्या लोकांना विचारा.

"2022 च्या गुढीपाडव्याले आकाशातून आग पडली, ते काय होतं?"

2 एप्रिल 2022, संध्याकाळ. आमच्याकडे बाया अंगणातली गुढी उतरवून घरात गेल्या होत्या, तेवढ्यात पोरं ओरडली. आकाशातून जळत्या रेघा सावकाश सरकत गेल्या. अर्ध्या तासात मोबाईलवर विमान पडलं, क्षेपणास्त्र आलं, परग्रहावरचे उतरले, सगळं येऊन गेलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. कक्षांचा हिशोब ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं की फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चीनच्या रॉकेटचा तो टप्पा असावा, त्याची परत येण्याची वेळ आणि वाट जुळत होती. उल्का यापेक्षा कितीतरी वेगाने जाते, दोन-चार सेकंदांत संपते. म्हणून त्या रात्री मी लोकांना पहिला प्रश्न विचारला तो हाच होता, किती वेळ दिसलं?

"अंनिसवाले आणि तुम्ही लोक फार उद्धट बोलता."

कधी कधी बोलतो, आणि ते चुकतं. नोकरीच्या सुरुवातीला एका पालकाला मी भर सभेत वेड्यात काढलं होतं, त्याने पोराच्या दप्तरात ग्रहांचं यंत्र ठेवलं होतं म्हणून. तो माणूस पुन्हा शाळेत आला नाही. पोरगंही पुढच्या वर्षी आलं नाही. ती खूण माझ्या मनातून गेलेली नाही.

अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि लोकच उत्तर देत. बोलणं कडक असे, पण आधी हातात झाडू असे. नरेंद्र दाभोलकरांनीही शांतपणे बोलणं सोडलं नाही, 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला तोवर. आमच्या बाजूच्या तरुणांनी सोशल मीडियावर एखाद्या शेतकऱ्याची टिंगल करण्याआधी त्याच्या रात्रीच्या लायनीबद्दल दोन शब्द बोलावेत असं मला फार वाटतं.

"मी स्वतः गुरुत्वाकर्षणावर नवा सिद्धांत लिहिला आहे. दाखवू का?"

जरूर आणा. वही कितीही जाड असो, मी वाचतो. येण्याआधी एका पानावर एवढंच लिहून आणा : तुमच्या सिद्धांताप्रमाणे एखाद्या मोजमापाचा आकडा किती यायला पाहिजे, आणि तो आजच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा किती वेगळा आहे. 2 मीटरवरून सोडलेला दगड 0.64 सेकंदात खाली येतो. तुमचं उत्तर वेगळं असेल तर आपण त्याच दिवशी मोबाईलच्या स्लो मोशनवर मोजू. उत्तर तेच येत असेल तर कुठे वेगळं येतं ते शोधू.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी शाळेमागच्या खोलीत असतो. तिथे क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, वजनकाटा, ओळंबा आणि 30 मीटरचा टेप आहे. 22 मेच्या आसपास आलात तर दुपारी बाराच्या थोडं आधी या. आमच्या गावची सावली त्या दिवशी नाहीशी होते, आणि काठी सरळ धरायला एक माणूस नेहमीच कमी पडतो.